सरस्वतीबाईंचं कौतुक

चंद्रभागाबाईंना हिरवं लुगडं नेसवून झालं आणि बायकांनी त्यांच्या कपाळाला इतकं कुंकू लावलं की भुवया दिसेनात. ओटीत नारळ, खण, हातभर हिरवा चुडा. लेकीला कडेवर घेऊन मी समोरच्या घराच्या ओट्यावर उभी होते. लहान लेकरू घेऊन मयतीच्या दारात यायचं नसतं, पण तिला घरी कुणाजवळ ठेवणार?

"नशीब काढलं माय हिनं."

"सवाष्ण गेली. भरल्या कपाळानं गेली."

"झोपंतच. कुनाला पानी पाजाय लावलं न्हाई का कूस बदलाय लावली न्हाई. असं मरन मागून मिळत न्हाई."

एकेक बाई वाकून पाया पडत होती. शेवटी चंद्रभागाबाईंचे मालक तात्याबा पुढं आले, त्यांच्या पायाशी बसले आणि मोठ्यानं रडायला लागले.

"माझ्या घरची लक्ष्मी गेली हो! सारी जिंदगी कधी उलटून बोलली न्हाई. तिच्यावानी बाई ह्या पंचक्रोशीत न्हाई. आता मी कुनाला हाक मारू?"

मी लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून तात्याबांनी बायकोला 'ए' आणि 'कुठं मेली' या दोनच हाका मारलेल्या मी ऐकल्या होत्या. सगळ्या बायका पदर डोळ्याला लावून रडत होत्या. मी माझ्या सासूबाईंकडे पाहिलं. त्यांना मी आत्याबाई म्हणते. त्या रडत नव्हत्या. जत्रेत दुसऱ्या लेकराच्या हातातला फुगा दिसला की माझ्या मुलीचे डोळे जसे होतात, तसे त्यांचे झाले होते.

परत येताना म्हणाल्या, "बघितलंस का, तात्याबा कसा बोलला?"

"आता बोलून काय उपयोग, आत्याबाई? त्या जिवंत असताना बोलायचं ना."

"जित्या बाईला कुनी असलं बोलतंय का?" मी काहीतरी लाजिरवाणं बोलल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय बी बोलायलीस."

आमचं गाव चौसाळ्यापासून जवळ, हायवेच्या फाट्याला लागून. माझे मिस्टर आदिनाथ, त्यांचं चौसाळ्यात बी-बियाणांचं दुकान आहे. सासरे अर्जुनराव, त्यांना मी मामा म्हणते, एके काळी सरपंच होते आणि गावच्या विकास सोसायटीत अजून त्यांचा शब्द चालतो. त्यांच्या वाढदिवसाला फाट्यावर बॅनर लागतो. 'कार्यसम्राट', 'गोरगरिबांचा आधार'. पोरं फेटा बांधतात, कुणीतरी माइकवर बोलतं आणि मामा मान डोलवत ऐकतात. पुढं केलेला विडा घ्यावा तसं ते कौतुक घेतात. हात पुढं, लगेच तोंडात. दिवाळीनंतर त्यांच्या छातीत दुखलं, संभाजीनगरला नेऊन स्टेंट बसवली. भेटायला आलेले बाप्ये म्हणायचे, "अर्जुनराव, तुमी वाघ हाव वाघ!" आणि मामा म्हणायचे, "मग! आपल्याला काय होतंय बे?"

त्याच वेळी आत स्वयंपाकघरात बायका आत्याबाईंच्या कानाशी लागायच्या. "सरस्वतीबाई, कपाळाची काळजी घ्या माय." त्यांना कुणी विचारलं नाही, तुम्ही दवाखान्यात किती दिवस फरशीवर झोपलात म्हणून.

आमच्याकडं बाईला कुणी चांगलं म्हटलं की ती अंगावर झुरळ पडल्यासारखं झटकते. साडी छान आहे म्हणा, "कशाची छान, भैनीनं दिल्याली, रंग जातुय." लेकरू छान आहे म्हणा, "कुठलं, किरकिरं ध्यान हाय." मी बीडच्या कॉलेजात बी.ए. केलं, वक्तृत्वात बक्षिसं घेतली, तरी मीसुद्धा झटकते. आत्याबाई तर दुसऱ्यानं बोलायच्या आधीच झटकायच्या. ताट वाढता वाढताच सुरू, "आज काय जमलं न्हाई बाई, मीठ बी जास्त झालं असंल." मीठ कधीही जास्त झालेलं नसायचं.

त्यांची येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, आमटी आमच्या भागात माहीत आहे. सोसायटीची मंडळी जेवायला आली की बाहेरच्या खोलीतून आवाज यायचा, "अर्जुनराव, आमटी एक नंबर!" आणि मामांचं ठरलेलं उत्तर, "मग! घर कुनाचं हाय?" मी भाकरी वाढायला आत-बाहेर करायचे, म्हणून मला दिसायचं. बाहेर कुणी आमटीचं नाव काढलं की परातीत भाकरी थापणारा आत्याबाईंचा हात थांबायचा. मामांचं उत्तर झालं की पुन्हा सुरू व्हायचा. बस, एवढंच. एकदा मी म्हटलं, "आत्याबाई, तुमच्यासारखी आमटी कुणाला जमत नाही."

"तुला काय कळतंय," त्या म्हणाल्या. सुनेनं केलेलं कौतुक त्यांच्या हिशेबात धरण्यासारखं नव्हतं.

चंद्रभागाबाईंचं तेरावं झालं आणि माझ्या लक्षात एक गोष्ट आली. मी फार बघत बसते, असं आदिनाथ म्हणतात. लेकीच्या हातात शेंगदाणा दिसला तरी मी धावत जाऊन काढून घेते. तिला ताप आला की औषध ती गालात धरून ठेवते आणि मी वळले की थुंकते, त्यामुळे तो फुगलेला गाल मला लांबूनही ओळखू येतो. आत्याबाईंना बीपी आणि शुगर दोन्ही. सकाळच्या गोळ्या मीच हातावर द्यायचे. त्या दिवशी त्यांनी पाणी प्यायलं, मान वर केली आणि मला तोच गाल दिसला.

मी त्यांच्या मागं न्हाणीपाशी गेले. त्या थुंकत होत्या.

"आत्याबाई, गोळी थुंकलात?"

"कडू हाय."

"ती कडू नसते. कधीपासून चाललंय हे?"

त्यांनी तांब्यातल्या पाण्यानं जागा धुतली. मग सरळ सांगून टाकलं, "चंद्रभागा गेली तवापसनं."

"डॉक्टरांनी सांगितलं होतं ना? गोळ्या बंद केल्या तर झटका येतो म्हणून?"

"येऊ दी की. चंद्रभागाला बी त्योच आलता."

मी न्हाणीच्या दगडावर टेकले. "पण का?"

"का म्हंजी? तुझ्या मामाच्या छातीचं तू बघितलंस की. त्यांच्या आधी गेलं पायजे मला. मागं ऱ्हायले तर कोन इचारतंय? लगनात हळद लावायला बोलवत न्हाईत, ओटी भरायला बोलवत न्हाईत. कोपऱ्यात बसायचं पांढरं कपाळ घिऊन." त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला, कोवळा म्हणावा असा. "अन् आधी गेले तर हे बी बोलतील. चार मानसांत. तात्याबावानी."

"तुम्हाला ऐकू येणार नाही ते."

"न्हाई येऊ दी. बोलतील तर."

एवढं बोलून त्या गुरांना पाणी दाखवायला गेल्या. मी तिथंच बसून राहिले. लेक पायरीवर चढायला लागली तेव्हा उठले.

आदिनाथ जेवायला आले तसं मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी घास खाली ठेवला आणि ओरडले, "आई! गोळ्या गुमान खात जा! नाटकं नकोत हां!"

आतून आवाज आला, "खाते की रे. जेव तू."

"झालं," मला म्हणाले.

"अहो, असं नको. रागावून नको. चांगलं काहीतरी बोला त्यांच्याशी."

"म्हंजे काय बोलू?"

"की त्या आपल्याला हव्या आहेत. तुम्ही लहानाचे मोठे झालात ते त्यांच्यामुळं."

आदिनाथ थोडे लाजले. खरंच लाजले. "ते काय बोलायचं असतंय का? तिला मालूम हाय."

"कशावरून मालूम असेल?"

"आता तू नको सुरू होऊ बरं."

मग मी मामांकडे गेले. ओट्यावर पेपर वाचत बसले होते, आसपास कुणी नव्हतं. सासऱ्यांशी मी असं आपणहून बोलत नाही. पदर सावरून चौकटीत उभी राहिले आणि सांगितलं. गोळ्या, न्हाणी, तात्याबा, सगळं. ते बराच वेळ पेपरच्या घड्या घालत राहिले. घाबरले होते, ते मला दिसत होतं.

"येडपट बाई," म्हणाले.

"मामा, त्यांना एकदा तुमच्या तोंडून चांगलं ऐकायचंय. नंतर नको. आत्ता."

"मी काय वाईट बोलतो का तिला? हात उगारला न्हाई कधी. लोकाच्या बाया कारखान्यावर ऊस तोडायला जायल्यात, हिला मी कधी पाठवली न्हाई. कशाची कमी हाय तिला?"

"हेच त्यांना सांगा."

"तोंडावर?" मामांनी माझ्याकडे पाहिलं. माइकवर तासभर बोलणारा माणूस, पण आवाज खाली आला. "आता ह्या वयात, सूनबाई? कसं सांगायचं असतंय ते?"

त्यांनी प्रयत्न केला, हे मला सांगितलंच पाहिजे. त्याच संध्याकाळी जेवताना, आत्याबाई भाकरी वाढायला वाकल्या तेव्हा, मामा खाकरले आणि ताटाकडे बघत म्हणाले, "भाकर... बरी झाली."

आत्याबाई दचकल्या. "कावून? कच्ची ऱ्हायली का?" आणि ताटातली भाकरी उचलून त्यांनी दुसरी, तव्यावरची, कडक भाजलेली आणून वाढली. मामांनी माझ्याकडे पाहिलं, बघितलंस, अशा नजरेनं. मग मुकाट्यानं जेवले.

त्यांना येत होतं ते मग त्यांनी केलं. मार्च लागला होता, महिला दिनाला ग्रामपंचायतीत कार्यक्रम होता. मामांनी शब्द टाकला आणि 'आदर्श माता' म्हणून सौ. सरस्वतीबाईंचं नाव ठरलं. नाव ठरलं म्हणजे बॅनर आला. चौसाळ्याचा अभिमन्यू बॅनर करतो. त्यानं आदिनाथांकडे फोटो मागितला, तेव्हा कळलं की आत्याबाईंचा एकटीचा फोटोच नाही. लग्नाकार्यातल्या घोळक्यात मागं कुठंतरी अर्धा चेहरा. शेवटी बँकेच्या पासबुकासाठी काढलेला छोटा फोटो दिला, भुवयांपर्यंत पदर घेतलेला. अभिमन्यूनं तो मोठा केला आणि भोवती गुलाबांची माळ टाकली, कारण बाईच्या फोटोला शोभेल असं तेवढंच त्याच्याकडे तयार होतं. बॅनर फाट्यावर लागला. मामा स्वतः मोटारसायकलवर जाऊन बघून आले. खुशीत होते. "मोठा केलाय फोटो," मला म्हणाले, "लांबून दिसतुय."

लांबूनच दिसला.

आमच्या भागात शेतकऱ्याघरच्या बाईचा एकटीचा फोटो बॅनरवर कधी लागतो, ते इथल्या कुणालाही विचारा. निवडणुकीला उभी असेल तर लागतो, पण तेव्हा शेजारी मालक असतोच. एकटी, भोवती फुलं, अशी बाई लोकांनी फक्त 'भावपूर्ण श्रद्धांजली'खाली पाहिलेली. धावत्या एसटीतून खालची अक्षरं कोण वाचतंय?

सकाळी आदिनाथ अंघोळीला गेले होते आणि लेक त्यांच्या मोबाइलवर गाणी बघत होती, तेवढ्यात फोन वाजला. हरिबा, आत्याबाईंचे धाकटे भाऊ, वडवणीला असतात. आत्याबाई शेजारीच शेंगा फोडत बसल्या होत्या, म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला. पलीकडून आधी नुसतं रडणं आलं.

"कळवायचं तरी होतं रं आदिनाथ! माझी अक्का गेली अन् मला लोकाकडून कळावं? आमच्या इथला मानूस सकाळच्या गाडीनं आला, म्हनला फाट्यावर फोटो हाय, हार घातलाय..."

मी तोंड उघडलं. आत्याबाईंनी माझं मनगट धरलं. मान हलवली. अगदी हळू म्हणाल्या, "बोलू दी."

"माय मेल्यावर तिनंच मला वाढवलं," हरिबा बोलत होते. आदिनाथच ऐकतायत असं त्यांना वाटत होतं. "तुला न्हाई ठावं. तिच्या परकराला धरून साळंत गेलतो मी. मास्तर म्हनायचे, सरस्वती लई हुशार हाय, तिला शिकवा. बापानं तिला घरी बसवली, मला सांभाळायला. माझ्यापायी तिचं शिक्षण गेलं रं. कधी बोलून दावलं न्हाई तिनं. सनाला आली की माझ्याच लेकराला कापडं. अन् मी एकदा... एकदा बी म्हनलो न्हाई तिला, अक्का, तू व्हतीस म्हून मी हाय..."

आत्याबाईंनी डोळे मिटले होते. मांडीवरच्या सुपात शेंगा तशाच. माझ्या मनगटावरची त्यांची बोटं घट्ट होत गेली. मी त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा असं बघत होते. काही झटकत नव्हत्या. 'कशाचं काय' म्हणत नव्हत्या. उन्हात बसलेलं माणूस जसं ऊन घेतं, तसं घेत होत्या.

पण मला हरिबांचं रडणं ऐकवेना. पासष्टीला टेकलेला माणूस हुंदके देत होता, त्याला दम लागत होता. मी म्हणाले, "हरिबामामा, ऐका, मी स्वप्नाली. आत्याबाई ठीक आहेत. इथं बसल्यात माझ्याजवळ. तो पुरस्काराचा बॅनर आहे."

"अक्का?"

"हं."

"जिती हायस?"

"हाय की."

"मग बोलाय काय झालतं गं भवाने! इथं माझा जीव जायची येळ आली! भाऊबंदाला फोन केले, डोक्यावरून पानी घेतलं, गाडी ठरवली! म्हातारपनी येड लागलं का तुला? ब्यानरवर चढतीस, लाज न्हाई वाटत?"

"चुकलं रे."

"ठिव फोन!"

फोन कट झाला. लेकीनं लगेच हात पुढं केला, तिला गाणी पाहिजे होती. आत्याबाईंनी एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले.

"कसा बोलला," म्हणाल्या.

"हो ना. किती जीव आहे त्यांचा तुमच्यावर."

"अन् जिती हाय कळल्यावर कसा बोलला." त्या माझ्याकडे पाहून हसल्या. त्या हसण्यात राग नव्हता. परीक्षेचं उत्तर आधीच माहीत असलेल्या मुलीसारखं हसू होतं ते. मास्तर हुशार म्हणायचे त्या मुलीचं.

त्यांनी मामांना बॅनर काढायला लावला. कार्यक्रमाला गेल्या नाहीत, डोकं दुखतंय म्हणाल्या. 'आदर्श माता' पुरस्कार त्यांच्या वतीनं मामांनी स्वीकारला. शाल, नारळ, फेटा. फेट्यातच घरी आले आणि नारळ आत्याबाईंच्या हातात देऊन म्हणाले, "घे. तुझाच हाय." त्यांनी तो दुसऱ्या दिवशीच्या चटणीला फोडला.

त्यानंतर मी गोळ्या कुटून त्यांच्या आमटीत घालायला लागले. जमतंय असं वाटलं. चार-दोन दिवस गेले असतील, त्यांनी वाटी तोंडाशी नेली आणि खाली ठेवली. स्वतःच्या हाताची चव त्यांना माहीत होती. माझ्या लेकीला त्यांनी मांडीवर घेतलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला म्हणाल्या, "माझ्या ताटात काय बी घातलंस तर ह्या लेकराची शपथ हाय तुला."

शिकलेली आहे मी. शपथेनं काही होत नाही, हे मला माहीत आहे. पण त्या दिवसापासून माझा हात त्यांच्या ताटाकडे गेला नाही. लेकीला नुसती शिंक आली तरी आठवायची ती शपथ. आदिनाथांना पुन्हा सांगितलं, त्यांनी पुन्हा ओरडून घेतलं. बीडच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, पेशंटला घेऊन या. पेशंट म्हणाली, मला काय झालंय?

एप्रिलमध्ये, ऊन चढल्यावर, हौदापाशी भांडी घासताना त्या आडव्या झाल्या. पातेलं घरंगळत गोठ्यापर्यंत गेलं, त्या आवाजानं मी बाहेर आले.

त्या गेल्या नाहीत. उजवी बाजू गेली, वाचा गेली. बीडला आठवडाभर ठेवून घरी पाठवलं. सोडताना डॉक्टर म्हणाले, "हार्ट मात्र एकदम मजबूत आहे आजींचं. नीट बघितलंत तर पुष्कळ वर्षं काढतील." मामांनी तिथंच हात जोडले. आत्याबाई स्ट्रेचरवरून छताकडे बघत होत्या. त्यांना कळत सगळं होतं, त्याबद्दल मला शंका नाही.

आता बाहेरच्या खोलीत त्यांची खाट आहे. साडी नेसवणं जमेना, म्हणून चौसाळ्याच्या बाजारातून दोन गाऊन आणले. सकाळी आधी लेकीचं करते, मग त्यांचं. पुसणं, कूस बदलणं, पावडर, भरवणं. गोळी कुटून पेजेतून देते. आता त्या थुंकू शकत नाहीत. चमचा तोंडाशी नेते तेव्हा डाव्या डोळ्यानं माझ्याकडे बघतात आणि मी गालाकडे बघते. शपथेचं काय झालं, ते दोघींपैकी कुणी विचारत नाही. एकदा वेणी घालताना मी म्हणाले, "आत्याबाई, हरिबामामा बोलले ते सगळं खरं होतं. तुम्ही होतात म्हणून हे घर आहे." नेहमीसारखं त्या काहीतरी म्हणतील, 'तुला काय कळतंय' म्हणतील, म्हणून वाट बघितली. त्या भिंतीकडे बघत राहिल्या. पोहोचलं की नाही कळलं नाही.

हरिबा येऊन गेले. खाटेशी बसले, तोंडातून शब्द नाही. मामांशी मात्र शेतीचं बोलले.

परवा गावातल्या पाच-सहा बायका आणि सोसायटीची दोन माणसं भेटायला आली. मी पेज भरवत होते. मामा लगबगीनं आले. "आन इकडं, मी देतो." वाटी-चमचा त्यांच्या हातात दिला. ते खाटेच्या कडेला बसले आणि त्यांनी चमचा पुढं केला. थोडं तोंडात गेलं, थोडं हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं.

"अर्जुनराव किती करतेत माय," एक बाई म्हणाली.

"बाप्या मानूस असून! आमच्याकडच्यानं तांब्या बी भरून दिला नसता."

"असा मालक मिळायला पुन्य लागतंय. सरस्वतीबाईनं नशीब काढलं."

मामांचे डोळे भरून आले. खोटं नव्हतं ते. म्हणाले, "करावंच लागतंय. लई राबली हो ही माझ्या घरासाठी. आज जे काय अर्जुनराव म्हनून लोकं ओळखतेत, ते हिच्यामुळं. हिच्यावानी बाई झाली न्हाई."

मी आत्याबाईंकडे पाहिलं. बायका मामांकडे बघत होत्या, पदरानं डोळे टिपत होत्या.

"देवमानूस हाय," कुणीतरी म्हणालं.

सोसायटीतल्या एकानं मोबाइल काढला. "अर्जुनराव, असंच बसा. चमचा जरा वर धरा. ग्रुपवर टाकतो, लोकांनी शिकलं पायजे." मामा सरळ बसले, टोपी नीट केली आणि चमचा वर धरला.

मोबाइल समोर आला तसा आत्याबाईंचा डावा हात हलला. उचलायला त्यांना फार कष्ट पडत होते, तरी तो खांद्यापर्यंत गेला, मग मानेमागं, मग पुन्हा खांद्यावर. बोटं कापड चिमटीत धरत होती आणि सोडत होती. डोक्यावर घ्यायला त्या पदर शोधत होत्या.

गाऊनला पदर नव्हता. मी खुंटीवरची ओढणी घेऊन त्यांच्यापर्यंत पोहोचेपर्यंत फोटो निघाला होता.